पैसे भरले म्हणून जंगल तुमचे होत नाही

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपूरकराचा फोन खणखणू लागतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, जुने सहकारी, आपल्याच इमारतीतले शेजारी असे सगळे जण पेंच, ताडोबा किंवा उमरेडचे आरक्षण कसे करायचे ते विचारतात, आणि त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: वाघ नक्की दिसेल ना? त्यानंतर लगेच सांगितले जाते की आम्हाला निसर्गाच्या जवळ राहायचे आहे, पर्यावरणपूरक असे एखादे ठिकाण सुचवा, मुलांना जंगलाची गोडी लागली पाहिजे. हे ऐकून पूर्वी मला बरे वाटत असे, आता संताप येतो. कारण हीच माणसे गेटच्या आत गेल्यावर कशी वागतात, हे मी वर्षानुवर्षे शेजारच्या आसनावर बसून पाहत आलो आहे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगाव परिसरात जे घडले, ते नागपूरच्या कोणत्याही वन्यप्रेमीला विसरता येणार नाही. एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली होती आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडले. वर्षाचा शेवटचा दिवस साजरा करायला आलेले लोक उभे राहून चित्रीकरण करत होते आणि पिल्ले घेऊन निघालेल्या त्या आईला जायला वाट उरली नव्हती. ती चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील, म्हणजे सर्वांत आतल्या राखीव जंगलातील पर्यटन काही महिने बंद ठेवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवावे, दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर असावे आणि कोणत्याही प्राण्याला घेरू नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. बारा वर्षांनंतरही लोकांना २० मीटर म्हणजे किती हे कळत नसेल, तर तो अज्ञानाचा प्रश्न राहत नाही. त्यांना ते कळते, पण आपण भरलेल्या पैशांपुढे तो नियम त्यांना क्षुल्लक वाटतो.

‘पैसे भरलेत’ हे दोन शब्द जंगलात मी इतक्यांदा ऐकले आहेत की आता ते कानावर पडताच माझे डोके तापते. गाइड सांगतो की सांबराचा इशारा, म्हणजे वाघ किंवा बिबट्या जवळ असल्याची हाक, त्या नाल्याकडून आला आहे, आपण इथेच गाडी बंद करून थांबू. त्यावर मागून कोणीतरी म्हणते, ‘अहो भाऊ, तिकडं दुसऱ्या गाड्या चालल्या नं, तुम्ही काहून थांबले? आम्ही पैसे भरलेत.’ मग वर पाचशे रुपये देण्याचे आमिष दाखवले जाते, नाही ऐकले तर तक्रारीची धमकी दिली जाते. हा गाइड जवळच्याच गावातला तरुण असतो किंवा ताडोबात काही गेटवर असते तशी एखादी ताई असते. तिचे घर या फेऱ्यांच्या मानधनावर आणि पर्यटकांच्या खुशीवर चालते, हे त्या माणसांना नेमके ठाऊक असते आणि त्याच जागी बोट ठेवून ते तिला नियम मोडायला लावतात. तिने मोडला तर शिक्षा तिला होते, तिने मोडला नाही तर तिला वाईट शेरा मिळतो.

वाघ दिसला नाही म्हणून पूर्ण फेरी वाया गेली, असे म्हणणाऱ्यांचे तर मला काय करावे तेच समजत नाही. समोर रानगव्यांचा कळप उभा असतो, कोवळ्या पानांत हरियाल पक्ष्यांचा थवा बसलेला असतो, रानकुत्री रस्ता ओलांडून जातात, आणि गाडीतली मंडळी मान खाली घालून पेंगत असतात किंवा आपसांत हॉटेलच्या नाश्त्याबद्दल बोलत असतात. घरी गेल्यावर त्या फेरीला एक तारा दिला जातो, कारण काय तर ‘सायटिंग नाही’. जणू त्या दिवशी वाघाने हजर राहण्याचा करार केला होता. अशा शेऱ्यांमुळेच चालकांवर दबाव येतो, त्यातूनच गाड्या भरधाव पळतात, एका वाघामागे वीस गाड्या गोळा होतात, आणि गोठणगावसारखा प्रसंग घडतो. तो प्रसंग त्या एका सकाळी अचानक उद्भवलेला नव्हता. तो आपण सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे मागितलेला होता.

कचऱ्याबद्दल बोलायचे तर फेब्रुवारी २०२४ मधील ती दुसरी चित्रफीत आठवा. ताडोबाच्या निमढेला बफरमधील (गाभा क्षेत्राभोवतीच्या जंगलपट्ट्यातील) रामदेगी परिसरात एका वाघाने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून उचलली, आणि ते दृश्य पाहून लोकांनी ‘किती समजूतदार प्राणी’ असे कौतुक केले. मला ते पाहून रडू आले होते. ती बाटली तिथे वाघाने नेली नव्हती. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ सालीच आली, जंगलाच्या गेटवर फलक आहेत, काही ठिकाणी पिशव्या तपासल्या जातात, तरीही बफरमधल्या रस्त्याकडेला आणि आवारातल्या उपाहारगृहांच्या मागे बाटल्या, चिप्सची पाकिटे आणि आपल्या विदर्भाची खास ओळख होऊन बसलेल्या खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या पन्न्या पडलेल्या दिसतात. होय, खर्र्याबद्दल मी मुद्दाम लिहितो आहे, कारण बाहेरच्या पर्यटकांना नावे ठेवून आपण नागपूरकर नामानिराळे राहतो. खिंडसी तलावाकाठी, रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर, कोलितमाऱ्याच्या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी जाऊन पाहा. ती घाण मुंबईच्या माणसाने केलेली नसते. चुलीवर सावजी रस्सा करून खाल्ला, थर्माकोलच्या ताटल्या झुडपात लोटल्या आणि गाडीतला आवाज वाढवून परत निघाले, असा आपला निसर्गप्रेमाचा रविवार असतो.

राहण्याच्या जागांबद्दल तर न बोललेलेच बरे, पण मी बोलणार आहे. जंगलाच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या अनेक निवासांच्या नावात ‘इको’ हा शब्द असतो. तिथे हिरवळ असते, पोहण्याचा तलाव असतो, प्रत्येक खोलीत रोज नव्या प्लास्टिकच्या बाटल्या ठेवलेल्या असतात आणि मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश तापमान असताना आतली वातानुकूलन यंत्रे दिवसरात्र चालू असतात. वैदर्भीय उन्हाळ्यात थंडावा हवा, यात गैर काही नाही. पण जंगलातले पाणवठे आटलेले असताना आणि वनविभागाला कृत्रिम पाणवठ्यांत पाणी भरावे लागत असताना, कूपनलिकेच्या पाण्यावर जोपासलेल्या हिरवळीचे छायाचित्र काढून त्याखाली ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिणाऱ्या माणसाला एकदाही प्रश्न पडू नये, याचा मला राग येतो. एका निवासात टॉवेल रोज बदलून हवे असतील तरच खाली टाका, अशी नम्र सूचना लिहिलेली होती. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने रोज सगळे टॉवेल खाली टाकले आणि निघताना व्यवस्थापकाला सांगितले की तुमची पर्यावरणाची कल्पना आम्हाला फार आवडली. आवडणे इतके स्वस्त झाले आहे.

पेंचच्या महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले, आशियातील पाचवे ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक पथदिवे बदलून प्रकाश फक्त जमिनीकडे पडेल असे दिवे बसवण्यात आले. गावकऱ्यांनी आपल्या रस्त्यांवरचा उजेड बदलू दिला, आणि त्याच गावांत तारे पाहायला जाणारे आपले लोक गाडीचे प्रखर दिवे चालू ठेवून, मोबाइलचे टॉर्च आकाशाकडे रोखून, ध्वनिवर्धकावर गाणी लावून बसतात. ज्याला दीड तास अंधार आणि शांतता सहन होत नाही, त्याने सिल्लारीला जायचेच कशाला? नागपुरात फुटाळा तलावावर हवे तितके दिवे आहेत.

खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त राग येतो तो या हिशेबाचा. ताडोबाच्या जंगलात वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, शेते आणि देवस्थाने सोडून स्थलांतर केले. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात मोहाची फुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या बायाबापड्यांवर वाघाचे हल्ले होतात, माणसे मरतात, आणि पुढच्या हंगामात त्यांच्याच घरातले कोणीतरी पोटासाठी पुन्हा त्याच जंगलात जाते. या लोकांनी जंगलासाठी इतकी किंमत मोजलेली असताना, चार तास गप्प बसणे, एक वाटी जेवण उरवू नये आणि रिकामी बाटली परत न्यावी, एवढेही शहरातल्या सुशिक्षित माणसाला जड जाते. एका रात्रीच्या खोलीला दहा हजार रुपये मुकाट्याने मोजणारी माणसे गावातल्या घरगुती निवासात झुणका-भाकरीच्या ताटासाठी त्या माउलीशी वीस-तीस रुपयांवरून घासाघीस करतात, तेव्हा त्यांच्या तोंडून ‘शाश्वत पर्यटन’ हा शब्द ऐकायची माझी इच्छा राहत नाही. स्थानिकांच्या हातात पैसा गेला तरच त्यांना जंगल राखण्यात रस राहील, इतके साधे ते गणित आहे, आणि ते कोणत्याही निवासाच्या नावातल्या ‘इको’पेक्षा महत्त्वाचे आहे.

हे सगळे बोलले की उत्तर ठरलेले असते: सरकारने कडक नियम करावेत, आम्ही पाळू. नियम आहेत. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नेता येत नाही, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, मार्ग ठरलेले आहेत. गोठणगावच्या प्रकारानंतर पहिली कारवाई झाली ती चालक आणि गाइडवर, त्यांचे काम बंद झाले, त्यांना दंड झाला. त्यांची चूक होतीच, ती मी नाकारत नाही. पण गाडी पुढे घ्यायला लावणारे, उभे राहून ओरडणारे, वाघिणीची वाट अडलेली दिसत असतानाही ‘आणखी एक फोटो’ म्हणणारे लोक कोण होते? प्रवेशपत्र देताना गाडीतल्या सहाही पर्यटकांची नावे आणि ओळखपत्रे वनविभागाकडे नोंदवली जातात. त्या नोंदी चाळा, दंड त्यांच्याही नावावर लावा, आणि राज्यातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांचे आरक्षण त्यांच्यासाठी किमान पाच वर्षे बंद करा.