काटकोन

चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. कोनमापक उलटा धरणारी पोरं पाहिली, शून्याऐवजी एकशे ऐंशीकडून मोजणारी पाहिली, साठ आणि एकशे वीसमध्ये गोंधळ घालून वर "बाई, दोन्ही बरोबर आहे ना?" विचारणारीही पाहिली. निवृत्तीनंतर सातव्या वर्षी माझ्याच गुडघ्यावर कोनमापक ठेवला जाईल आणि ठेवणारी तो उलट्या बाजूने वाचेल, हे मात्र कुठल्याच पत्रिकेत नव्हतं.

गुडघा उजवा. फळ्यापाशी उभं राहून आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दहावी 'ब'ला दिवसातून दोनदा जाऊन त्याने आपलं आयुष्य माझ्याआधी संपवलं. निर्गुडीचा पाला झाला, तिळाचं तेल झालं, नी-कॅप झाली. एका ओळखीच्यांनी लेप दिला. त्याने गुडघा होता तसाच राहिला, चादरी तेवढ्या हिरव्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "मधली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय." अंतर शून्य म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सांगलीकराचं काही बिघडलं की तो मिरजेला जातो. मिरजेत दोन गोष्टी दुरुस्त होऊन मिळतात, तंबोरे आणि माणसं. सतारमेकर गल्लीत तंबोरा दिला की कारागीर खुंट्या पिळून, जवारी लावून परत देतो. त्या तंबोऱ्याला घरी गेल्यावर दिवसातून तीनदा व्यायाम करावा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं बधिर केलं होतं, त्यामुळे दुखलं काही नाही. पण ठोकाठोकी ऐकू येत होती; शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असावं तशी. मध्येच "जरा मोठा दे" असंही कुणीतरी म्हणालं. काय मोठं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर गुडघ्याचं मॉडेल घेऊनच आले. मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडाला टायटॅनियमची थाळी आणि दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती. आमचे हे बँकेत होते, त्यामुळे वस्तूपेक्षा आकडा यांना आधी दिसतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्यांचे भाव बांधून दिले, साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये, अधिक जीएसटी. ते कात्रण यांनी तेव्हापासून पाकिटात जपून ठेवलेलं निघालं. म्हणजे मी अजून लेप लावत होते, तेव्हाच यांनी माझा गुडघा निकालात काढला होता.

पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत जाडजूड बँडेज. हे खुर्ची ओढून बसले, बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वी तू मला म्हणाली होतीस, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय म्हणून. आता बघ."

डॉक्टर जाता जाता म्हणाले, "टेबलावर मी १२० अंशांपर्यंत वाकवून पाहिलाय. वाकतोय छान. आता पुढचं तुमच्याकडे." धातू तयार होता म्हणजे. अडून बसलं होतं ते मांस, कातडी, सूज आणि मांडीचा तो भलामोठा स्नायू. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली की मी हमखास 'मोडेन पण वाकणार नाही' लिहायची. कुणी मनावर घेतलं नाही, असं इतकी वर्षं वाटत होतं.

त्याच दुपारी फिजिओथेरपिस्ट आली. पंचविशीची पोरगी, केसांची शेंडी वर बांधलेली. "आजी, पाय वाकवा बघू."

"मला लोक बाई म्हणतात."

"बरं, मॅडम. टाच पलंगावरून मागे ओढा."

मी ओढली. म्हणजे मेंदूने हुकूम सोडला. पाय सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा जागचा हलला नाही. मग बोटभर सरकला. पोरीने खिशातून दोन पारदर्शक पट्ट्यांचं एक यंत्र काढलं. मधली खीळ गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवली, एक पट्टी खुब्याकडे, दुसरी घोट्याच्या हाडाकडे. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. किती नीट धरला होता पोरीने!

"साठ," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. "साठ कसे? एकशे वीस आहेत."

"नाही मॅडम, साठच."

"अगं, मांडी हा एक किरण, नडगी दुसरा, गुडघा शिरोबिंदू. कोन झाला एकशे वीसचा."

"आम्ही सरळ पायाला झिरो धरतो."

"सरळ पाय म्हणजे सरळ कोन. एकशे ऐंशी. तू मोजतेस तो बाह्यकोन."

तिने फायलीत '६०' लिहिलं. मी डोळे मिटून पडून राहिले. पोरीची चूक नव्हती. वैद्यकात सगळीकडे असंच मोजतात म्हणे. पण आता पंचाईत अशी, की तिच्या हिशेबाने सुधारणा म्हणजे आकडा चढणं आणि माझ्या हिशेबाने उतरणं. आमचं दोघींचं जुळणार ते एकाच ठिकाणी, काटकोनात. आणि तिने मला नेमकं तेच ध्येय दिलं होतं. नव्वद.

घरी आल्यावर फोन सुरू झाले. पूर्वी जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की मी जे इतरांच्या पोरांचं करायचे, ते सगळं व्याजासकट परत आलं.

"किती झाले?"

"पासष्ट."

"पासष्टच? माझ्या जावेच्या बहिणीला पंधरा दिवसांत शंभर पडले."

यांच्या मावसभावाच्या व्याह्यांना तर एकशे पंचवीस पडले होते, तेही फिजिओ न लावता, घरचा अभ्यास करून. कोपऱ्यावरचे जोशीकाका आले आणि त्यांनी थेट अटलजींचा गुडघा काढला. ऑक्टोबर २०००, ब्रीच कँडी हॉस्पिटल, न्यूयॉर्कहून आलेले डॉ. राणावत. पुढच्या जूनमध्ये दुसरा गुडघा. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये रोज चहाला पंतप्रधानांच्या गुडघ्यावर चर्चा असायची. माझं मत होतं की पेपरवाले उगाच बाऊ करतात. ते मत मी जोशीकाकांसमोर जाहीरपणे मागे घेतलं. त्यांना काही कळलं नाही.

आणि मग अक्का आल्या. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. सोबत डिंकाचे लाडू आणि सावरीच्या कापसाची एक उशी. खोलीत आल्या, माझा पाय पाहिला, "अगं बाई, किती अवघडलाय गं," म्हणाल्या आणि ती उशी अलगद गुडघ्याखाली सरकवली. काय सांगू! दहा दिवसांत पहिल्यांदा पायाला स्वर्ग दिसला. मी तासभर झोपले.

चार वाजता फिजिओ आली आणि उशी पाहून तिचा चेहरा कॉपी पकडल्यासारखा झाला. "ही कुणी ठेवली?"

अक्का अभिमानाने म्हणाल्या, "मी."

गुडघ्याखाली उशी ठेवली की पाय अर्धवट वाकलेल्या जागीच आखडतो आणि मग पुरता सरळ होत नाही. सरळ झाला नाही की चालताना लंगडायला होतं. वाकवण्याइतकंच सरळ करणं महत्त्वाचं, हे तिने शांतपणे समजावलं, उशी काढली आणि टाचेखाली ठेवली. आता गुडघा अधांतरी आणि त्याला आपल्याच वजनाने खाली लोंबायची शिक्षा. स्वर्गातून नरकात यायला एक वीतभर अंतर पुरतं. अक्का रात्रीच्या गाडीने परत गेल्या. जाताना उशी घेऊन गेल्या.

एकदा मी फिजिओला विचारलं, नव्वद कशासाठी? तिने फोनवर तक्ता दाखवला. सपाट चालायला सुमारे ६७ अंश लागतात, जिना चढायला ८३, खुर्चीतून उठायला ९३, बुटाची नाडी बांधायला १०६. मी तक्ता दोनदा वाचला. बुटाची नाडी! आमच्या घरात नाडी परकराला असते आणि ती कमरेशी बांधतात. पेपर सेट करणाऱ्याने पोर्शनच वेगळा धरला होता. आमच्या अभ्यासक्रमात काय येतं? पाटावर बसणं. दारातली रांगोळी. देवघरासमोर वाकून निरांजन लावणं. आणि विळी! एक गुडघा छातीशी, पाऊल विळीच्या पाटावर दाबून धरलेलं, दुसरा पाय आडवा, आणि नारळाची वाटी दोन्ही हातांत गोल फिरतेय. त्या बसण्याला किती अंश लागतात ते तक्त्यात नव्हतं. मी मनातल्या मनात काढले तर पोरीच्या मोजणीने एकशे तीसच्या पुढे गेले. डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं, खाली बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच. त्यामुळे खोवणी आता ओट्यावर आहे आणि खोबरं हे खोवतात, करवंटीच्या भुग्यासकट.

घरचा व्यायाम मी माझ्या पद्धतीने केला. खुर्चीत बसायचं, पायात मोजा, फरशीवर चिमूटभर पावडर. टाच मागे मागे सरकवायची. जिथे डोळ्यांत पाणी येतं तिथे थांबायचं आणि दहा आकडे मोजायचे. मग अंगठ्यासमोर खडूने रेघ मारायची. रेघेशेजारी तारीख. घरात खडू होता, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या चार रेघा एकमेकींच्या अंगावर. मग एक करंगळीभर मागे. एक दिवस पुढे आली, त्या दिवशी सूज होती. पाय उंच ठेवून वीस मिनिटं बर्फ लावला. अकरा दिवसांत फरशीवर असा सुंदर आलेख तयार झाला, की मी जेवतानाही त्याच्याकडे बघायची. बाराव्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि कामाच्या मावशींनी पोछा मारला. "बाई, केवढं बरबटलं होतं तिथं! घासून काढलं," त्या म्हणाल्या. त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार.

पुढे गाडी अठ्ठ्याहत्तरावर अडली. एक दिवस, तीन दिवस, आठवडा. पोरीच्या मोजणीने ७८, माझ्या मोजणीने १०२, आणि गुडघ्याच्या मोजणीने बस्स झालं. तपासणीला डॉक्टरांनी गोड आवाजात सांगितलं, "जखम भरताना आतून चिकटत जातं. नव्वद नाही झाले तर भूल देऊन एकदा वाकवून घेऊ." घेऊ म्हणे! बाजारातून कोथिंबीर घेऊ, असा स्वर.

त्या दिवसापासून फिजिओने मवाळ धोरण सोडलं. मी खुर्चीत, ती समोर बुटक्या स्टुलावर. माझं पाऊल दोन्ही हातांत धरून ती मागे ढकलायची. "श्वास सोडा. सोडा. दहा मोजा." मी तीनपर्यंत मोजायचे आणि पुढचे आकडेच आठवायचे नाहीत, गणिताची शिक्षिका आणि चार आठवेना! मग एकदा तोंडातून आपोआप आलं, "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो." दाबताना सावकाश, कण्हत म्हटलं की बरोबर दहा सेकंद लागतात. पोरीने घड्याळ लावून पाहिलं. तेव्हापासून आमची रोजची पंधरा आवर्तनं. शेजारच्या घरात वाटायचं की मी परत शिकवण्या सुरू केल्यात. एका आईने फीसुद्धा विचारली.

चाळिसाव्या दिवशी पोरीने पट्ट्या लावल्या, डोळे बारीक केले आणि काही बोललीच नाही.

"किती?"

"तुम्ही सांगा."

मी यांना माळ्यावर चढवलं. शाळेत स्मार्ट बोर्ड आला तेव्हा भंगारात निघालेला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी घरी आणला होता. हे उतरले, डोक्यावर जळमट, हातात कोनमापक. पायजम्याने पुसला. मी तो स्वतः मांडीला लावून धरला. पलीकडून यांनी नडगीच्या रेषेत पट्टी धरली. पोरगी गुडघे टेकून खाली बसली आणि आकड्याशी डोळा नेऊन वाचायला लागली. मला तिच्या त्या गुडघ्यांचा फार हेवा वाटला.

"नव्वद," ती म्हणाली.

"नव्वद," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा उत्तरपत्रिकेवर माझी आणि परीक्षकाची सही एक आली. पोरीला भडंगाचा मोठा पुडा दिला. तिने तिथेच फोडला.

पण काटकोनात फार काळ राहता येत नाही. पुढच्या भेटीत ती म्हणाली अठ्ठ्याण्णव, मी म्हटलं ब्याऐंशी. वाद होता तिथे परत आला. आता जिना एकेक पाय टाकत चढते, रिक्षात पाय आडवा न धरता बसते, गणपतीच्या आरतीला उभी राहिले. परवा तिच्या मोजणीने एकशे बारा झाले. ती खूश, डॉक्टर खूश.

घोटाळा यांनी केला. तीन महिने रात्रंदिवस माझं ऐकून यांना बाह्यकोनाचा सिद्धांत एकदाचा पटला, आणि नेमका त्याच दिवशी अक्कांचा फोन आला.

"किती झाले रे?"

"अडुसष्ट," हे छाती फुगवून म्हणाले.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग नुसतंच, "अरे देवा. नव्वदवरून?" आणि फोन ठेवल्याचा आवाज.

संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. आधी उशी उतरली, मग अक्का.