बापूची घोडी

कंटेनरमधून ग्रॅनाइटच्या लाद्या उतरवताना त्या एका पोरावर कोसळल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे काय झालं ते पुन्हा सांगायची गरज नव्हती. तरी बापूने सुरुवात केलीच. "त्या पोराचीच चूक. लक्ष नको द्यायला?"

बापू दगडाच्या मालाची कंत्राटं घेतो. त्याच्या कुठल्याही साइटवर आजवर झालेल्या अपघातात चूक बापू सोडून सगळ्यांची होती.

नंदू फोर्कलिफ्ट चालवतो. बोलतो कमी. "लक्ष देऊन काय करणार होता तो? तीन बाय दोन मीटरची, दोन सेंटीमीटर जाडीची ग्रॅनाइटची एक लादी सव्वातीनशे किलोची. कलली की माणूस हात लावतो. विचार करून नाही, आपोआप. आणि ती एकटी येत नाही, मागच्या नऊ घेऊन येते."

"म्हणून तर चार माणसं देतो मी!"

"म्हणजे चार जण दबणार."

मन्या फिस्सकन हसला. बापूचा चेहरा उतरला, पण माघार घेईल तो बापू कसला. "पंचवीस वर्षं धंदा करतोय. साधं नख तुटलं नाही कोणाचं."

"तुझं नाही तुटलं," मन्या म्हणाला. "तू गाडीच्या केबिनमध्ये असतोस."

मग बापूने खरं दुखणं काढलं. कंटेनर ठेवून घ्यायचे मोफत दिवस संपले की शिपिंगवाला रोजचं भाडं लावतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसतो, आणि क्रेनवाला फोन उचलत नाही. "सुरक्षा सुरक्षा करता, मीटर कोणाचं पडतं?" एवढं मात्र त्याचं खरं आहे, हे मलाही मान्य करावं लागलं. घाई वरून येते आणि पहार हातात असलेल्या माणसापाशी येऊन थांबते.

नंदूने तेही उडवून लावलं नाही. महिन्याला एक गाडी उतरवणाऱ्याने व्हॅक्यूम लिफ्टर, म्हणजे हवा शोषून लादी धरून उचलणारं यंत्र, विकत घ्यावा असं तो म्हणतच नव्हता. "पण कंटेनर निघाल्यापासून बंदरात लागेपर्यंत कित्येक दिवस जातात. क्रेन तेव्हाच ठरवता येते. ऑर्डर देतानाच वरून उघडणारा कंटेनर मागता येतो, मग बांधलेला गठ्ठा पट्ट्यात घालून सरळ वर उचलायचा. बंद डब्यात माणसाला पळायला जागा कुठे आहे? एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला दगड. लाकडी टेकू कापायला तो आत शिरतो, आणि नेमका त्या टेकूवरच सगळा भार असतो."

"आणि घोडीवरचा माल?" मी विचारलं. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी लाद्या टेकवून ठेवायची तिकोनी चौकट.

"दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढायचा. बापूची माणसं हाताशी येते ती बाजू आधी रिकामी करतात. मग घोडीच उलटते. यात कसला आलाय खर्च?"

बापू म्हणाला, पूर्वीची माणसं पाठीवर दगड वाहायची. त्यावर मन्याने कुठूनसं काढलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच, पुरुषाने एकट्याने 55 किलोंपेक्षा जास्त ओझं वाहू नये, अशी शिफारस केली आहे. बापू उसळला, "त्यांना म्हणावं एक गाडी उतरवून दाखवा!"

"गाडीत पंचवीस टन माल," नंदू शांतपणे म्हणाला. "दोन सेंटीमीटरच्या हिशोबाने साडेचारशे चौरस मीटरच्या वर जातो. क्रेनचं भाडं त्याने भाग आणि चौरस मीटरमागे किती पडतं ते सांग."

बापूने तावातावाने मोबाइल काढला. आकडे दाबले. स्क्रीनकडे बघितलं. पुन्हा दाबले. मग मोबाइल खिशात घालून म्हणाला, "गिऱ्हाईक तेवढंही देत नाही."

"विचारलंयस कधी?"

इथे मन्याला जुनं आठवलं. बापूचं लोखंडी कपाट आम्ही जिन्यावरून चढवलं होतं, आणि मन्याची कंबर त्या दिवसापासून धरली आहे ती आहेच. "तेव्हा हा वरच्या पायरीवरून ओरडत होता, 'धरा, सोडू नका!' हात लावला का एकदा तरी?"

"अरे, पडलं असतं तर? कोणीतरी लांब उभं राहायलाच हवं ना!"

नंदूने हात जोडले. "झालं! तासभर मी दुसरं काय सांगतोय?"

बापूसकट सगळे हसत सुटले. कपाटाचे पैसे मात्र मन्याला अजून मिळालेले नाहीत.