टेक्स्ट मोडसाठी डेस्कटॉप उडवायची गरज नाही

नागपुरातल्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स रखडत असेल तर डेस्कटॉप (म्हणजे खिडक्या-आयकॉनवाला पडदा) काढून टाका, टेक्स्ट मोडवर (नुसत्या टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या काळ्या पडद्यावर) या, स्पीड डबल. वायफाय मात्र जाईल, आणि डेस्कटॉप परत हवा असेल तर फॉरमॅट.

काढून टाकायचं काहीच नाही, भाऊ. उबुंटू, डेबियन, फेडोरा, या सगळ्या लिनक्समध्ये आता सिस्टिमडी आहे, म्हणजे बूट होताना काय काय सुरू करायचं ते ठरवणारा प्रोग्राम. 'सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युजर.टार्गेट' (इंग्रजी लहान अक्षरांत) दिलं की पुढच्या बूटला थेट काळ्या पडद्यावर लॉगिन येतं. बदलते ती एक सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल); डेस्कटॉप जागच्या जागी. परत यायचं तर त्याच कमांडमध्ये ग्राफिकल.टार्गेट लिहा आणि रीबूट करा. फॉरमॅटसाठी सीताबर्डीच्या बाजारात मशीन घेऊन जाऊ नका. नुसतं करून बघायचं असेल तर ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स निवडायच्या) मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'सिस्टिमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट' जोडा, कंट्रोल-एक्स. तेवढ्या बूटपुरतंच लागू. आणि हो, काळ्या पडद्यावरच्या लॉगिनला पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो.

वायफायची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. नेट जोडून देणारी नेटवर्क मॅनेजर ही सर्व्हिस टेक्स्ट मोडमध्येही चालू असते. पण वायफायचा पासवर्ड 'फक्त या युजरसाठी' म्हणून सेव्ह असेल, तर तो डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) अडकून राहतो आणि नेट जोडलं जात नाही. 'एनएमटीयूआय' ही नेटवर्क मॅनेजरची टेक्स्ट मोडमधली कमांड चालवून पासवर्ड पुन्हा द्या, काम होतं. उलट मेसेज वाचून जे डेस्कटॉपची पॅकेजेस धडाधड काढतात, त्यांच्याकडे नेटवर्क मॅनेजरही सोबत निघून जाऊ शकतो. मग वायफाय खरंच जातं!

स्पीड डबल? प्रोसेसर तोच, हार्डडिस्क तीच. वाचते ती रॅम. नोमसारखा (लिनक्सचा एक प्रचलित) डेस्कटॉप रिकामा बसूनही कित्येकशे एमबी खातो, त्यामुळे 2 जीबीच्या मशीनवर फरक जाणवतो. 8 जीबीवर फारसा नाही. किती रॅम वापरात आहे ते सांगणारी 'फ्री -एच' ही कमांड दोन्ही मोडमध्ये चालवून आकडे स्वतःच बघा. शिवाय ज्या ब्राउझरमुळे मशीन रखडत होतं, तो इथे उघडणारच नाही.

खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर (त्याच काळ्या पडद्यावर) देवनागरी दिसत नाही. मराठी नावाच्या फाइलींच्या जागी चौकोन येतात. त्या वाचायच्या असतील तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत या.