एक्सपोर्ट केलं म्हणजे सगळं मागे येतं असं नाही

रजिस्ट्रीवरच्या या लेखात लिहिलंय की रजिस्ट्रीत (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) हात घालायच्या आधी जी की, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा, बदलणार ती एक्सपोर्ट करून फाईलमध्ये ठेवा, काही बिघडलं तर त्या फाईलवर डबल क्लिक केलं की सगळं पूर्वीसारखं. हे अर्धंच खरं आहे हो! ती फाईल इम्पोर्ट केल्यावर मर्ज होते, म्हणजे आधी असलेल्या व्हॅल्यू (कीमधल्या नोंदी) जुन्या जागी येतात पण तुम्ही नवीन टाकलेलं काहीच पुसलं जात नाही. मी विंडोज ११ मध्ये राइट क्लिकचा जुना मेन्यू आणायला रजिस्ट्रीतल्या क्लासेस नावाच्या कीखाली एक नवीन की टाकली होती, नंतर नको वाटला म्हणून बॅकअप फाईल चालवली, यशस्वी झाल्याचा मेसेजही आला, रीस्टार्ट केलं आणि मेन्यू जसाच्या तसा. दोनदा तीनदा तेच करत बसलो, शेवटी लक्षात आलं की ती की मुळात बॅकअपमध्ये नव्हतीच तर जाणार कशी, हाताने डिलीट केली, एक्सप्लोरर रीस्टार्ट केला, काम झालं.

तसं ती फाईल साधी टेक्स्ट फाईलच असते, नोटपॅडमध्ये उघडून कीचं नाव ज्या चौकोनी कंसात असतं त्या कंसाच्या आतच नावाआधी वजाचं चिन्ह दिलं की इम्पोर्ट करताना ती की उडते (आतल्या सबकीसकट, त्यामुळे पाथ दोनदा वाचा). बॅकअप घ्याच, पण नवीन काय टाकलं ते कुठेतरी लिहूनही ठेवा, आणि लेखात ही ओळ टाकता आली तर बघा.