बाबा, ऑर्गन आणि शिकागो कब्स

आईवडील अमेरिकेत आले की त्यांना नायगारा दाखवावा, ऑरोराच्या बालाजीला न्यावं, मॉलमध्ये फिरवून आणावं. बेसबॉलला नेऊ नये. आणि ज्यांच्या वडिलांनी उमेदीची वर्षं सांगली-मिरजेच्या हौशी मंडळींबरोबर संगीत नाटकांना ऑर्गन वाजवण्यात घालवली आहेत, त्यांनी तर हा विचार मनातही आणू नये.

मी कब्सवाला. शिकागोत दोन संघ आहेत, दक्षिणेला व्हाइट सॉक्स आणि उत्तरेला कब्स. कब्सनी 1908 साली विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतरचं थेट 2016 साली. मधली एकशे आठ वर्षं इथली माणसं दर हंगामाच्या शेवटी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत घरी जात होती. दर अनंत चतुर्दशीला 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडण्यात लहानपण गेलेल्या माणसाला हा संघ आपला वाटला नाही तरच नवल.

बाबांना क्रिकेट कळतं, त्यामुळे बेसबॉल समजावणं सोपं जाईल असा माझा अंदाज होता. रेड लाइनच्या गाडीतच मी शिकवणी सुरू केली. तीन स्ट्राइक म्हणजे बाद, चार बॉल, म्हणजे आपले वाइड, पडले की फुकट पहिल्या बेसवर, तीन बाद झाले की बाजू बदलायची, असे नऊ डाव. बाबा मान डोलावत होते. अ‍ॅडिसन स्टेशन आल्यावर म्हणाले, "आणि हे सगळं कशासाठी?" मी शिकवणी तिथेच आवरती घेतली.

रिग्ली फील्ड हे मैदान 1914 सालचं. मैदानाच्या कडेच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली लावलेली वेल आहे आणि त्याच वर्षीचा मोठा हिरवा धावफलक आजही आत बसलेली माणसं हातानं आकडे बदलून चालवतात. मी हे सगळं मोठ्या कौतुकानं दाखवत होतो. पण बाबांनी एक बोट वर केलं होतं. नाटकात पडदा वर जायच्या आधी ते असंच बोट वर करत.

"थांब. पेटी कोण वाजवतंय?"

पेटी नव्हे, ऑर्गन. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल मैदानांपैकी ऑर्गन सगळ्यात आधी वाजला तो इथेच, 1941 च्या एप्रिलमध्ये. रॉय नेल्सन नावाचे गृहस्थ वाजवायला बसले होते. पण रेडिओवरचं प्रक्षेपण सुरू होण्याआधी त्यांना हात आवरावा लागला, कारण मैदानातले सूर हक्क नसताना रेडिओवर गेले असते. बाबांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. "म्हणजे मानधनाची भांडणं इथंही होती तर!"

पुढचे तीन तास माझे वडील एका अदृश्य ऑर्गनवाल्याच्या मैफलीला बसले होते. समोर चाललेल्या सामन्याची त्यांना थोडी अडचण होत होती एवढंच. फलंदाज मैदानात येताना त्याच्या आवडीच्या गाण्याचा तुकडा स्पीकरवर वाजतो. न्यूयॉर्कचा मारियानो रिव्हेरा चेंडू टाकायला यायचा तेव्हा वाजणारं गाणं ऐकूनच म्हणे समोरच्या संघाच्या पोटात गोळा यायचा. बाबांना कल्पना पसंत पडली, अंमलबजावणी मुळीच नाही. "अरे, मुखडासुद्धा पुरा होऊ देत नाहीत. एन्ट्रीचं पद आहे ना? मग गाऊ दे की त्याला!" वन्समोअर तर कोणीच देत नव्हतं, याचंही त्यांना वाईट वाटत होतं.

शेंगा घेतल्या. इथं टरफलं बिनदिक्कत पायाशी टाकायची पद्धत आहे, आसपासचे चाळीस हजार लोक तेच करत होते. बाबांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरला आणि एकेक टरफल त्यावर रचत गेले. पाचव्या डावापर्यंत ढीग एवढा झाला की एका फटक्यावर सगळे उठले तेव्हा बाबा मात्र दोन्ही हातांनी मांडी सावरत बसून राहिले. तो होमरन होता, म्हणजे आपला षटकारच. आमच्या संघाचा त्या दिवशीचा एकुलता एक.

आता मुख्य संकट. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं स्टेडियम उभं राहतं आणि एक जुनं गाणं म्हणतं, मला बॉलगेमला घेऊन चल, शेंगा आणून दे, अशा अर्थाचं. गंमत म्हणजे हे गाणंही 1908 चंच. जॅक नॉरवर्थनं ते न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये एक जाहिरात बघून लिहिलं. तेव्हा त्या पठ्ठ्यानं मोठा सामना एकही पाहिला नव्हता, पुढे तीसेक वर्षं पाहिला नाही असं सांगतात. मूळ गाण्यात एक मुलगी आहे. तिचा मित्र तिला नाटकाला नेतो म्हणतो आणि ती म्हणते, नाटक नको, बॉलगेमला ने. आमच्या घरात हे बरोबर उलटं आहे. मंडळाचं नाटक आणि कब्सचा सामना एकाच शनिवारी आला की बायको माझ्याशी सोमवारपर्यंत बोलत नाही.

तर हे गाणं गाजवलं हॅरी कॅरे या समालोचकानं. व्हाइट सॉक्सचे मालक बिल व्हेक यांनी 1976 साली त्याला लोकांसमोर गायला लावलं. आपल्यालाच का, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर कॅरे स्वतःच सांगत असे: तुझा आवाज ऐकून प्रत्येकाला वाटतं की याच्यापेक्षा मी बरा गातो, म्हणून सगळे गातात. पुढे 1982 मध्ये कॅरे कब्सकडे आला आणि गाणंही आलं. 1998 मध्ये तो वारला. तेव्हापासून दर सामन्याला कोणीतरी पाहुणा गातो. नट, खेळाडू, पुढारी, कोणीही. गायकच हवा अशी अट नाही, असेल तर उलटीच असावी. 2003 साली ऑझी ऑस्बॉर्न आला. जगभर गाणी गाऊन नाव कमावलेला माणूस, पण या गाण्याचे शब्द असे काही उच्चारले की आजही ते कुठल्या भाषेत होते यावर वाद घालता येईल.

आमच्या दिवशी टीव्हीवरचा कोणी नट होता. त्यानं समालोचकांच्या खोलीच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, 'वन, टू, थ्री' म्हटलं आणि सूर लावला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"अरे, ऑर्गन पांढरी चारमध्ये आहे आणि हा काळी एकमध्ये!"

"बाबा, इथं सगळे असंच गातात."

"मग तो ऑर्गनवाला बिचारा काय करेल?"

आणि इथं बाबांचा चेहरा बदलला. ऑर्गनवाल्यानं नटाला ओळीच्या शेवटी गाठलं, सूर थोडा लांबवून त्याला जागेवर आणलं आणि काही झालंच नाही असं पुढे निघाला. बाबांनी मोठ्यानं "क्या बात है!" म्हटलं. दौऱ्यावर घसा बसलेल्या नायकांना त्यांनी असंच कैकदा पैलतीरी नेलं असणार. ठेका तिनाचा, म्हणजे आमच्या हिशेबात दादराच. बाबा मांडीवर टाळी-खाली देऊ लागले आणि रुमाल विसरले. पुढच्या रांगेतल्या बाईंच्या टोपीत टरफलांचा पाऊस पडला. त्या मागे वळल्या, बाबांना ताल धरलेलं पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून डोलायला लागल्या. बाबा सांगलीचे. चोरून माझ्याकडे बघत होते.

आठव्या-नवव्या डावाला काही सांगण्यासारखं नाही, आम्ही हरलो. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. सामने एकदम चोवीस-पंचवीस मिनिटांनी आखडले. मला हे आवडलं होतं. पहाटेपर्यंत चालणारी नाटकं आठवणाऱ्या बाबांना ही घाई असभ्य वाटली.

रात्री त्यांनी सांगलीला मित्राला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो.

"पेटी उत्तम! हात फार गोड आहे. गाणारा कच्चा, पण सांभाळून घेतलं बघ त्यानं. ...खेळ? हो, होता ना. मधे मधे पोरं पळत होती काहीतरी. ...नाही रे, आईशप्पथ, शुक्रवारी परत नेतोय म्हणाला मला."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. आणि शुक्रवारी मंडळाच्या नाटकाचा मुंबईचा संच येणार होता.