लताबाई इथे जन्मल्या, पण इथे वाजवत कोण होतं?

लताबाईंचा जन्म इंदूरचा, शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९. आपल्या इंदुरी मराठी घरांत हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. बाहेरगावचा पाहुणा आला की पोह्यांची बशी पुढे सरकवता सरकवता पहिलं हेच सांगायचं. पण मंगेशकर कुटुंब काही इथे राहिलं नाही, लताबाईंचं गाणं घडलं ते दुसरीकडे. मग त्यात इंदूरचा वाटा किती, असं कोणी खोदून विचारलं की आपण गाडी सराफ्यातल्या खाण्यापिण्याकडे वळवतो.

हे सुचायचं कारण म्हणजे अमेरिकेतलं मसल शोल्स नावाचं गाव. अलाबामा राज्यात, टेनेसी नदीच्या काठी, वस्ती पंधरा-सोळा हजार. शेजारी फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया अशी तीन गावं, एकमेकांना खेटूनच. १९५९ साली फ्लॉरेन्समध्ये औषधाच्या दुकानावरच्या माडीवर फेम नावाचा स्टुडिओ सुरू झाला. तो पुढे त्याच्या भागीदारांपैकी रिक हॉलने मसल शोल्सला नेला. त्यानंतर जे झालं ते अजब आहे. पर्सी स्लेज हा तिथल्याच इस्पितळात कामाला होता. १९६६ साली शेफील्डच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. मग न्यूयॉर्क-लंडनचे मोठमोठे लोक या आडगावाची वाट धरू लागले.

का? वाजवणाऱ्यांसाठी.

जानेवारी १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन हॉलच्या फेम स्टुडिओत आली. आवाज कमाल, पण आधीच्या रेकॉर्ड कंपनीत मनासारखं यश मिळालेलं नव्हतं. गाणं घ्यायला बसले तर ते काही केल्या पकड घेईना. तिथल्या वादकांपैकी स्पूनर ओल्डहॅमने इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटासा तुकडा वाजवून पाहिला, इतरांनी तो उचलला आणि गाणं उभं राहिलं. त्याच रात्री तिच्या नवऱ्याची आणि हॉलची कडाक्याची भांडणं झाली, बाई दुसऱ्या दिवशी परत गेल्या, दुसरं गाणं अर्धवट राहिलं. पण तिच्या नव्या रेकॉर्ड कंपनीने काय केलं? थोड्याच दिवसांत त्या गावातल्या वादकांनाच न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. स्टुडिओ सुटला तरी चालेल, संगत सुटायला नको!

१९६९ मध्ये बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, जिमी जॉन्सन आणि डेव्हिड हूड या फेमच्या चौघा वादकांनी हॉलला रामराम ठोकून शेफील्डला, जॅक्सन हायवेवरच्या ३६१४ नंबरच्या बिऱ्हाडात स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड येऊन तिथे तीन गाणी करून गेले. हे चौघं गोरे, गाणारे बहुतेक काळे, आणि हे सगळं त्या काळच्या अलाबामात, जिथे १९६३ साली काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला खुद्द गव्हर्नर विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. नावाजलेले गायक येऊन गेले, वाजवणारे गावातच राहिले. आज लोक ती जुनी इमारत बघायला जातात ते या चौघांसाठीसुद्धा.

आता आपल्याकडे या. होळकरांच्या दरबारात नाना पानसे होते. पखवाजातलं त्यांचं घराणं आजही त्यांच्याच नावाने चालतं. मूळचे वाईकडचे, पण कर्मभूमी इंदूर. त्यांच्या तालमीतले सखारामपंत आगळे, मग अंबादासपंत आगळे. तबल्यात उस्ताद जहांगीर खाँ, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले. ही माणसं इंदुरात बसून वाजवत होती, शिकवत होती. यांतली किती नावं आपल्या पोरांना ठाऊक आहेत?

आणि इंदूर घराणं ज्यांच्यामुळे झालं ते अमीर खाँसाहेब? वडील शाहमीर खाँ सारंगिये. खाँसाहेबांचं पहिलं शिक्षणही सारंगीचंच. लहानपणी मेरुखंडाची, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट मांडण्यांची वही चाळताना ‘हे सारंगियाच्या पोरासाठी नाही’ असं कोणीतरी हिणवलं आणि बापाने जिद्दीने शिकवलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, मेरुखंडाची ती सावकाश उलगडत जाणारी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, आली ती एका साथीदाराच्या घरातून.

मला विचाराल तर आपलं मसल शोल्स म्हणजे मालवा हाउस, आकाशवाणीचं इंदूर केंद्र. तिथल्या स्टाफ आर्टिस्ट मंडळींनी आल्यागेल्या गवयांना साथ केली, कधी तर सूर जुळवायला मिळाले तेवढ्याच ओळखीवर. फरक एवढाच की तिकडच्या चौघांनी स्टुडिओच काढला, मालक झाले. आपला तबलजी बिदागीचं पाकीट खिशात घालून शेवटची सिटी बस पकडायचा.

परवा एका कार्यक्रमाची पत्रिका हातात पडली. गायिकेचा फोटो अर्ध्या पानभर, खाली प्रायोजकांचे बारा लोगो, आणि सगळ्यात तळाशी ‘तबला व संवादिनी साथ : स्थानिक कलाकार’. नावंच नाहीत! भिया, ज्या गावात नाना पानसे होऊन गेले, तिथे हे?

रामबाग, राजेंद्रनगर, नंदलालपुरा, कुठल्याही जुन्या मराठी घरात मैफलींचे फोटो असतीलच. गवयाच्या मागे डग्ग्यावर हात ठेवून बसलेला तो माणूस कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. फोटोमागे पेनाने नाव लिहा आणि इथे टाका. जमेल तेवढी यादी मी करायला घेतोय.