इंडिगोचा कोविडमधला तोटा खरा होता

गोव्यातल्या मोपा आणि दाबोळी विमानतळांच्या तिकिटांवरून पेडण्यात एक संदेश फिरतोय: ‘इंडिगोने 500 विमानं घेतली, म्हणजे कोविडमधला तोटा खोटाच.’ हे चुकीचं आहे. 2021-22 मध्ये कंपनीला सुमारे 6,160 कोटी रुपयांचा तोटा झाला. जून 2023 मध्ये नोंदवलेली 500 विमानांची ती मागणी 2030 ते 2035 दरम्यान मिळायच्या विमानांची आहे. मोठी रक्कम विमान ताब्यात घेतानाच द्यायची असते. तेव्हाही कंपन्या अनेकदा ते भाडेपट्टा कंपनीला विकून भाड्याने परत घेतात. जुनी विमानं उडवत राहणं स्वस्त पडतं, असंही कुणी समजू नये. एअरबसचं नवं ए320निओ विमान जुन्या ए320पेक्षा साधारण 15 टक्के कमी इंधन पितं, आणि आपल्याकडे इंधनाचा खर्च फार मोठा. 2023-24 मध्ये इंडिगो सुमारे 8,170 कोटींच्या नफ्यात आली, तेव्हा या 500 पैकी एकही विमान आलेलं नव्हतं.